दोन इंटरनेट लाइनी, तरी स्पीड कमी का?



आपल्या घिवली-तारापूर-बोईसर पट्ट्यात काही शाळांत आणि घरांतही आता एकाच राउटरला दोन इंटरनेट लाइनी जोडलेल्या दिसतात. एक फायबरची आणि दुसरी सिमकार्डवर चालणारी. कारण रास्तच आहे. पावसाळ्यात झाड पडून केबल तुटली की दोन-दोन दिवस नेट नसतं, आणि नेमकी तेव्हाच शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रं भरायची शेवटची तारीख असते, नाहीतर यू-डायस प्लसवर माहिती भरायची असते. म्हणून वर्गणी काढून किंवा शाळेच्या अनुदानातून दुसरी लाइन घेतली जाते. मग पालकसभेत प्रश्न येतो, "मॅडम, ५० ची लाइन होती, वर १० ची घेतली, म्हणजे ६० झाले ना? तरी व्हिडिओ गोल गोल फिरतोच. पैसे वाया गेले म्हणायचे का?"

पैसे वाया गेलेले नसतात. पण ५० अधिक १० बरोबर ६० ही बेरीज इथे आपल्याला वाटते तशी लागू होत नाही.

बोईसरहून मुंबईला जायचं तर दोन वाटा आहेत. स्टेशनवरून गाडी, २०१३ पासून तर डहाणू लोकलही आहे. नाहीतर चिल्हार फाट्यावर जाऊन अहमदाबाद हायवे. आता वाटा दोन आहेत म्हणून एकटा माणूस निम्म्या वेळात पोचेल का? तो एकाच वाटेने जाणार. पण लग्नाचं चाळीस जणांचं वऱ्हाड असेल तर काही जण गाडीने, काही जण रस्त्याने पाठवता येतात, आणि गर्दी कमी होते. दोन लाइनींच्या राउटरचं काम हे असं वऱ्हाड वाटून देण्याचं आहे. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात.

असं का, तेही मुलांना सांगता येईल इतकं सोपं आहे. प्रत्येक लाइनला तिच्या कंपनीकडून वेगळा आयपी पत्ता मिळतो. व्हिडिओ पाठवणारा सर्व्हर ज्या पत्त्याशी बोलायला लागतो, त्याच पत्त्यावर शेवटपर्यंत पाठवत राहतो. अर्धा व्हिडिओ या पत्त्यावर आणि अर्धा त्या पत्त्यावर पाठव, असं त्याला सांगायची सोय साध्या राउटरमध्ये नसते. त्यामुळे एक काम एका लाइनीवर. ते काम १० च्या लाइनीवर गेलं तर शेजारची ५० ची लाइन रिकामी असूनही त्याला उपयोग नाही.

एक गंमत सांगते. स्पीड तपासणारी काही ॲप एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, आणि राउटर त्या दोन्ही लाइनींवर वाटतो. म्हणून तिथे कधीकधी ६० च्या जवळपास आकडा दिसतो आणि वर्गात मात्र व्हिडिओ अडकलेला असतो. दोन्ही खरंच असतं.

तेव्हा तपासणी करायची ती एका वेळी एकाच लाइनीची. आधी राउटरमधून सिमच्या लाइनीची वायर काढा, फायबर एकटं ठेवा. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, वाय-फायने नको, आणि मोजा. मग उलट करा. डाउनलोड, अपलोड आणि पिंग हे तिन्ही आकडे वहीत लिहा. सकाळी शाळा भरताना, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदा करा, कारण सिमच्या लाइनीवर गावातले सगळे मोबाइल एकाच टॉवरला लोंबकळत असतात आणि संध्याकाळी तिचा स्पीड बराच उतरतो. फायबर महिनाअखेरीला मंद वाटत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली आहे का ते बघा. ती संपल्यावर लाइन चालू राहते, पण अगदी मुंगीच्या पावलाने.

वायरने ५० मिळतात आणि वर्गात मोबाइलवर ८ मिळतात, तर दोष लाइनींचा नाही, वाय-फायचा आहे. राउटर ऑफिसातल्या लोखंडी कपाटावर ठेवलेला असतो आणि वर्ग दोन भिंती पलीकडे. २.४ गिगाहर्ट्झची वाय-फाय भिंतीतून बऱ्यापैकी जाते पण हळू असते. ५ गिगाहर्ट्झची जलद, पण लांब पोचत नाही. अशा वेळी तिसरी लाइन घेऊनही फरक पडणार नाही. आणि हो, दुकानदार गिगाबिटचा महागडा राउटर घ्या म्हणेल. आपली गरज ५० अधिक १० ची आहे. त्याला १०० च्या पोर्टचा राउटर पुरतो.

आता खरा मुद्दा. काही राउटर दोन्ही लाइनी सारख्याच आहेत असं धरून काम १:१ वाटतात. याचा परिणाम काय होतो, ते आपण गणितातच बघू. समजा वर्गात ३० टॅब आहेत आणि सगळे एकाच वेळी व्हिडिओ बघताहेत. (राउटर टॅब मोजत नाही, जोडण्या मोजतो, पण सोयीसाठी टॅब धरू.) १:१ वाटपात १५ टॅब फायबरवर गेले, प्रत्येकाला ५० भागिले १५, म्हणजे साधारण ३.३ एमबीपीएस. उरलेले १५ सिमवर गेले, त्यांना १० भागिले १५, म्हणजे जेमतेम ०.६७. म्हणून निम्मा वर्ग हसतखेळत बघतो आणि निम्मा वर्ग "बाई, माझं चालत नाही" म्हणतो.

आता प्रमाण ५:१ करा. २५ टॅब फायबरवर, ५० भागिले २५ बरोबर २. पाच टॅब सिमवर, १० भागिले ५ बरोबर २. सगळ्यांना सारखे २. आपल्या देशात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात, त्याआधी ५१२ केबीपीएसवर भागायचं. म्हणजे पैसे तेच, लाइनी त्याच, आणि ३० च्या ३० मुलांना ब्रॉडबँड. सहावी-सातवीला गुणोत्तर-प्रमाण शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या, पुस्तकातल्या गवंड्यांपेक्षा मुलांना जवळचं वाटतं.

ही सोय राउटरच्या सेटिंगमध्ये लोड बॅलन्सिंगच्या पानावर असते. तिथे प्रत्येक लाइनीचा स्पीड किंवा वजन भरायची जागा असते. कंपनीने जाहिरातीत सांगितलेला आकडा भरू नका, वहीत लिहिलेला भरा. सिमला प्रत्यक्षात ५ च मिळत असतील तर प्रमाण १०:१ होईल.

सरकारी पोर्टल आणि बँकेचं वेगळं दुखणं असतं. लॉगिन एका लाइनीवरून झालं आणि पुढचं पान दुसऱ्या लाइनीवरून गेलं, तर पोर्टलला वेगळ्याच पत्त्यावरून कुणीतरी आलं असं वाटतं आणि ते बाहेर काढतं. लोक म्हणतात साइट स्लो आहे. ऑफिसचा संगणक कायम फायबरवरूनच जाईल असा नियम राउटरमध्ये करून ठेवला की ही कटकट जाते. चांगल्या राउटरमध्ये एक संगणक एकाच लाइनीवर टिकवून धरायची सोयही असते.

वीज जाऊन आल्यावर सगळंच मंद झालं, ही तक्रार आपल्याकडे फार. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून शेजारी आहे, तरी पावसाळ्यात आपले दिवे जातातच! वीज आली की राउटर आधी जागा होतो, फायबरचा मॉडेम नंतर. राउटर बघतो, फायबर बंद आहे, आणि सगळी कामं सिमवर टाकतो. फायबर सुरू झाल्यावर आपोआप परत येण्याची सोय बंद असेल, तर दिवसभर शाळा १० वर चालते. ती सोय चालू करा. मॉडेम आणि राउटर दोन्ही छोट्या बॅकअपवर ठेवले तर उत्तमच.

कधी फायबरचा मॉडेम आणि सिमचा डबा दोघांचाही आतला पत्ता १९२.१६८.१.१ असा एकच असतो. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असावीत तसं. राउटर गोंधळतो, एखादी लाइन चालते-थांबते. एकाचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केला की झालं. हे काम लाइन बसवणाऱ्या मुलाकडून पहिल्याच दिवशी करून घ्या.

अपलोडकडे कुणी बघतच नाही. कार्यक्रमाचे दोनशे फोटो आणि व्हिडिओ चढवायला लावले की अपलोड भरून जातं, आणि त्याच लाइनीवरचं डाउनलोडही रखडतं, कारण "मिळालं, पुढचं पाठव" हा निरोपही अपलोडवरूनच जातो. फोटो शाळा सुटल्यावर चढवावेत.

एवढं करूनही एखादी लाइन एकटी असताना वायरने कमीच मोजत असेल, तर मात्र कंपनीकडे तक्रार करायची. "नेट स्लो आहे" म्हटलं की तिकडून "राउटर बंद करून चालू करा" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा वही समोर धरा: अमुक तारीख, सकाळी साडेदहा, दुसरी लाइन काढलेली, लॅपटॉप वायरने जोडलेला, डाउनलोड इतकं, अपलोड इतकं. शक्य असेल तर लॅपटॉप थेट मॉडेमला लावूनही एकदा मोजा, म्हणजे राउटरवर बोट दाखवायला जागा राहत नाही. आणि तक्रार क्रमांक त्याच ओळीत लिहून ठेवा.