अंगाला अंग न भिडवता

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, त्या संध्याकाळी आमच्या पेठेत पेढे वाटले गेले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभत होते. आणि तोही खेळाडू कोल्हापूर जिल्ह्यातला, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. पेढा हातात घेऊन उभ्या असलेल्या एका वृद्ध वस्तादांना मी म्हटले, ‘‘वस्ताद, खाशाबांची गादी चालवली पोराने.’’ उभा जन्म तालमीत गेलेल्या त्या गृहस्थांनी पेढा तोंडात टाकला, मिशी पुसली आणि म्हणाले, ‘‘आनंद हाय गुरुजी, न्हाई म्हणत न्हाई. पण पोरानं अंगाला काय लावून घेतलं? लढली ती बंदूक. खाशाबा लढला तो सोता लढला.’’

वस्तादांचे हे बोलणे मी त्या दिवशी हसण्यावारी नेले. परंतु ते मनात राहिले. कारण हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. ज्या खेळात अंगाला अंग भिडते, हाडाला हाड लागते, तोच खरा पुरुषार्थाचा खेळ; बाकीचे सारे कौशल्याचे, फार तर करमणुकीचे, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. आपली भाषाच पाहावी. ‘मर्दानी खेळ’, ‘मैदानी खेळ’ आणि ‘बैठे खेळ’ अशी उतरती भाजणी आपण पिढ्यान् पिढ्या लावीत आलो आहो. या उतरंडीत नेमबाजाला नेमके कोठे बसवावे हे आपल्याला उमगत नाही. तो बसलेला नसतो, पण धावतही नाही. त्याच्या हातात शस्त्र असते, पण समोर शत्रू नसतो.

प्रथम वस्तादांची कसोटीच तपासून पाहू. प्राचीन ग्रीसमध्ये परंपरेनुसार इसवी सनपूर्व ७७६ मध्ये ऑलिम्पिक सामने सुरू झाले, तेव्हा त्यांत एकच शर्यत होती, ती म्हणजे सुमारे १९२ मीटरची धाव. नोंदलेला पहिला विजेता कोरॉइबॉस हा एलिस नगरीचा, व्यवसायाने आचारी. कुस्तीचा समावेश झाला तो ७०८ मध्ये, म्हणजे ६८ वर्षांनंतर. अंगाला अंग न लावता जिंकणारा माणूस हाच मुळी ऑलिम्पिकचा आद्य वीर होय. दूर कशाला जावे? बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावला, सुवर्णपदकापासून अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकला आणि केनियाच्या धावपटूंची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडून रौप्यपदक घेऊन आला. त्याने कुणाला चीत केले नाही, म्हणून त्याला दुय्यम ठरविण्याची छाती वस्तादांनाही होणार नाही. मग ‘स्पर्श’ ही कसोटी गळून पडते. राहतो तो एवढाच आक्षेप, की धावपटू निदान धापा तरी टाकतो. नेमबाज तर नुसता उभा असतो.

हे ‘नुसते उभे राहणे’ काय असते, ते मुद्दाम सविस्तर पाहण्यासारखे आहे. कुसाळेच्या क्रीडाप्रकारात पन्नास मीटर अंतरावरून, गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन आसनांत रायफल चालवावी लागते. लक्ष्याच्या मध्यभागीचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण एका काबुली चण्याएवढे. रायफल आठ किलोपर्यंत वजनाची असू शकते. पात्रता फेरीत साठ गोळ्या. कुसाळेने सहाशेपैकी ५९० गुण मिळवले आणि तो सातवा आला. पहिल्या आठांनाच अंतिम फेरीत प्रवेश असतो. अंतिम फेरीत पंचेचाळीस गोळ्या, आणि उभ्याने मारण्याची पाळी सर्वांत शेवटी, जेव्हा अंग शिणलेले असते आणि मागचा एकेक स्पर्धक बाद होऊन निघून जात असतो. कुसाळेचे ४५१.४ गुण झाले, सुवर्णविजेत्या चिनी नेमबाजाचे ४६३.६.

उभ्या आसनात डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, पाठ किंचित मागे वळवून, रायफलीचा भार स्नायूंऐवजी हाडांवर तोलायचा असतो. कारण स्नायू थकतात आणि थरथरतात, हाडे थरथरत नाहीत. श्वास अर्धवट सोडून रोखायचा. तो फार वेळ रोखला तर दृष्टी मंदावते. मग राहते ते हृदय. ते तर थांबविता येत नाही! प्रत्येक ठोक्याबरोबर नळीचे टोक केसभर हलते, आणि पन्नास मीटरवर त्या केसभराचा चणा हुकतो. म्हणून कसलेला नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या निमिषात चाप ओढण्याची सवय अंगी बाणवतो. मल्ल प्रतिपक्षाच्या हालचालीवर मात करतो. नेमबाजाला स्वतःच्या नाडीवर करावी लागते. जोर-बैठकांनी शरीर हलायला शिकते. शरीराला न हलायला शिकविणे हेही व्यायामाचेच काम आहे, हे ज्याने तासभर ध्यानाला बसण्याचा प्रयत्न केला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

नेमबाजी शरीराची नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी उत्तेजक द्रव्यांच्या नियमांकडेही पाहावे. रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांना दिली जाणारी ‘बीटा-ब्लॉकर’ वर्गातली औषधे हृदयाची गती मंद करतात आणि हाताचा कंप कमी करतात. मल्लाने किंवा धावपटूने ती घेतली तर त्याचे नुकसानच होईल. नेमबाजीत मात्र त्यांना बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा पिस्तूल-नेमबाज किम जाँग-सू याच्या तपासणीत असेच औषध सापडले, आणि त्याची रौप्य व कांस्य अशी दोन्ही पदके काढून घेण्यात आली. खेळ जर केवळ बंदुकीचा असता तर माणसाच्या रक्ताची तपासणी कशाला करावी लागली असती?

तर मग सीमारेषा आखायची कोठे? काही उत्साही मंडळी म्हणतात की कोठेच आखू नये. एकाग्रता आहे, स्पर्धा आहे, झाला खेळाडू. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. बुद्धिबळाचे उदाहरण घ्या. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? देशातला पहिला खेलरत्न पुरस्कारदेखील विश्वनाथन आनंद या बुद्धिबळपटूलाच मिळाला होता, आणि तो योग्यच होता. परंतु बुद्धिबळाची जात निराळी. १९६५ साली हवानाच्या स्पर्धेसाठी बॉबी फिशर याला अमेरिकेच्या शासनाने क्यूबाला जाऊ दिले नाही, तेव्हा तो न्यूयॉर्कमध्ये बसून टेलिप्रिंटरवरून आपल्या चाली कळवीत राहिला. हवानातल्या पटावर त्या चाली दुसऱ्याच माणसाच्या हाताने खेळल्या गेल्या, तरी डाव फिशरचाच राहिला. चाल दुसऱ्याच्या हाताने खेळली म्हणून तिची किंमत एका दाण्यानेही घटली नाही. तो थोर खेळाडू खराच. पण त्याचे शरीर त्या खेळाचे साधन नव्हते.

आता याच्या शेजारी एका नेमबाजाला उभे करू. हंगेरीच्या सैन्यातला कारोय ताकाच हा पिस्तुलाचा अव्वल नेमबाज. १९३८ मध्ये हातबाँब हातातच फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे त्याची सारी विद्या ज्या हातात होती तोच हात, निकामी झाला. नेम कसा धरावा, श्वास केव्हा रोखावा, चाप किती दाबावा हे सगळे ज्ञान त्याच्या मस्तकात शाबूत होते. बुद्धिबळपटूला एवढे ज्ञान पुरले असते. ताकाचला ते पुरले नाही. एकाच माणसाचा उजवा हात जे जाणत होता ते डाव्याला फुकट मिळेना. त्याला ते पहिल्या मुळाक्षरापासून शिकवावे लागले. पुढे १९४८ साली लंडनला त्याने डाव्या हाताने सुवर्णपदक जिंकले आणि १९५२ साली पुन्हा एकदा जिंकले. तेही हेलसिंकीलाच. ज्या सामन्यांत आपल्या खाशाबांनी कुस्तीचे पदक मिळवले, त्याच सामन्यांत हा एका हाताने अधू झालेला मनुष्य अंगाला अंग न लावता विजेता ठरत होता! माझ्या मते कसोटी हीच आहे. जे काम दुसऱ्याच्या शरीराकडून करून घेता येत नाही, इतकेच काय, स्वतःच्या दुसऱ्या हाताकडूनही तपश्चर्येवाचून करून घेता येत नाही, ते काम शरीराचे. ते करणारा क्रीडापटू. त्यात प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श होतो की नाही, हा प्रश्न दुय्यम.

तथापि वस्तादांच्या बोलण्यात एक सल आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही. कुस्तीत समोरचा माणूस तुमचा डाव उलटवायलाच आलेला असतो. नेमबाजाचे लक्ष्य पळत नाही, फसवत नाही, मान मुरगाळत नाही. हे धाडस वेगळ्या प्रतीचे आहे आणि त्याचा मान वेगळाच राहील. दुसरी गोष्ट पैशाची. तालमीची माती गरिबाच्या पोरालाही मिळते. खुराकापायी घरची म्हैस विकली जाते हे खरे. परंतु दूध आणि बदाम यांचा हिशेब शेतकऱ्याच्या घराला निदान कळतो. रायफल, जाड कातडी जाकीट, एकेका गोळीची किंमत यांचा हिशेब त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. कुसाळेचे वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. २००९ मध्ये वडिलांनी मुलाला राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, पुढे गोळ्यांसाठी कर्ज काढले, आणि पुढे मध्य रेल्वेच्या तिकीट तपासनिसाच्या नोकरीने मुलाला आधार दिला. खाशाबांनाही हेलसिंकीला पाठविण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. शिक्षकाने कर्ज काढल्याखेरीज कोल्हापूरला ऑलिम्पिकचे पदक मिळत नाही, असा काही नियम आहे की काय न कळे! वस्तादांना बोचते ते हेच असावे, की नवा खेळ पैसेवाल्यांचा आहे. ही तक्रार न्याय्य आहे. पण तिचे उत्तर सरकारी नेमबाजी केंद्रे तालुक्याला आणणे हे आहे, नेमबाजाला खेळाडू न मानणे हे नव्हे. याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई सुवर्ण जिंकले. ‘मर्दानी’ हा शब्द या दोघींपाशी येऊन अडखळतो.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. शाळेत ‘खेळाडू’ कोणाला म्हणायचे, यावर मुलांचे आयुष्य वळते. परीक्षेतले सवलतीचे क्रीडागुण, शासकीय सेवेतल्या पाच टक्के राखीव जागा या पुढच्या गोष्टी. त्याच्या आधी एक शिक्षक रांगेतल्या मुलांच्या छात्या आणि मांड्या न्याहाळतो आणि कबड्डीचा संघ निवडतो. हे मी स्वतः अनेक वर्षे केले आहे. एक किडकिडीत मुलगा होता. संघात त्याला कधी घेतले नाही. गुण लिहायला बसवीत असू. हा पोरगा बेचकीने झाडावरची नेमकी हेरलेली कैरी पाडीत असे, शेजारच्या कैरीला धक्का न लागता. मी ती बेचकी जप्त केली आणि त्याला वर्गाबाहेर उभे केले. निवृत्तीच्या दिवशी मेजाचा खण रिकामा करताना ती सापडली. रबर वाळून तडकले होते. मुलगा आता कोठेतरी कारकून आहे असे ऐकतो. तो ऑलिम्पिकला गेला असता, असा दावा मी करीत नाही. पण त्याच्यात खेळाडू असू शकेल, असे माझ्या मनातही आले नाही, हे खरे.

मध्यंतरी वस्ताद पुन्हा भेटले, तेव्हा त्यांना मी मॅथ्यू एमन्सची हकीकत सांगितली. हा अमेरिकन नेमबाज २००४ साली अथेन्सला, कुसाळेच्याच क्रीडाप्रकारात, शेवटच्या गोळीपर्यंत पहिला होता. त्याने नेम धरला, चाप ओढला, गोळी अचूक बसली. पण शेजारच्या स्पर्धकाच्या लक्ष्यावर. गुण शून्य. सुवर्णपदकाच्या दारातून तो एकदम आठव्या क्रमांकावर फेकला गेला. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा तोच आघाडीवर, पुन्हा शेवटची गोळी, आणि ती बसली ४.४ वर. पदकच गेले.

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमच्यात पाठ लागली तर समोरचा गडी हात देऊन उठवतो तरी. ह्याला कुणी उठवायचं?’’

अथेन्सच्या त्या संध्याकाळी एक झेक नेमबाज मुलगी, कातेरझिना कुर्कोव्हा, एमन्सचे सांत्वन करायला त्याच्यापाशी आली होती आणि पुढे त्या दोघांचे लग्न झाले, हे मी सांगितले तेव्हा वस्ताद मांडीवर थाप मारून हसले.