जिवाणूंच्या पेशीतले प्लॅस्टिक: ते बाहेर कसे काढतात, यावर सगळे अवलंबून

बाजारात ‘बायोडिग्रेडेबल’ असा शिक्का असलेल्या पिशव्या, प्लेट आणि चमचे वाढले आहेत. मोठ्या कार्यक्रमांत भोजनदान करणारी मंडळे पर्यावरणाचा विचार करून, जास्त पैसे देऊन त्या विकत घेतात. पण हा शिक्का नेमके काय सांगतो आणि काय लपवतो, हे कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे. त्यासाठी जिवाणूंपासून मिळणाऱ्या प्लॅस्टिकचे उदाहरण समजून घेऊ.

जिवाणू प्लॅस्टिक का तयार करतात?

१९२६ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ मॉरिस लेमोन्य यांना ‘बॅसिलस मेगॅटेरियम’ या जिवाणूच्या पेशीत एक वेगळा पदार्थ सापडला. तो म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. हा पदार्थ ज्या मोठ्या कुटुंबातला आहे, त्याला पीएचए म्हणतात.

आपले शरीर जादा अन्नाची चरबी करून ठेवते, तसेच काहीसे हे आहे. जिवाणूला साखर भरपूर मिळाली, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडला, तर त्याची वाढ थांबते. मग तो जादा साखरेचे पीएचबीचे दाणे करून पेशीत साठवतो. पुढे उपासमार झाली की तेच दाणे वापरतो. कारखान्यात मुद्दाम अशी परिस्थिती निर्माण करतात. ‘क्युप्रिआव्हिडस नेकेटर’ या जिवाणूच्या कोरड्या वजनात ८० टक्क्यांपर्यंत पीएचबी भरते.

खरी अडचण बाहेर काढण्यात

प्लॅस्टिक तयार झाले, पण ते पेशीच्या आत बंद आहे. आधी सेंट्रीफ्यूजमध्ये वेगाने फिरवून पेशी पाण्यातून वेगळ्या करतात. त्यानंतर पेशीचे कवच फोडून दाणे मोकळे करण्याचे काही मार्ग आहेत.

पहिला मार्ग क्लोरोफॉर्मचा. त्यात पीएचबी विरघळते, मग मिथेनॉल किंवा इथेनॉल घालून ते परत घट्ट स्वरूपात मिळवतात. प्लॅस्टिक अतिशय शुद्ध मिळते. पण पीएचबीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेले की द्रावण काकवीसारखे दाट होते. म्हणजे एक किलो प्लॅस्टिकसाठी सुमारे वीसपट द्रावक वापरावा लागतो. क्लोरोफॉर्म यकृताला आणि मज्जासंस्थेला घातक आहे.

दुसरा मार्ग सोडियम हायपोक्लोराइटचा. घरात वापरतो त्या ब्लीचमधले हेच रसायन. ते पेशीचा बाकीचा भाग जाळून टाकते. काम स्वस्तात होते, पण पीएचबीच्या लांब साखळ्याही तुटतात आणि प्लॅस्टिक कमजोर होते.

तिसरा मार्ग उष्णता, विकर आणि डिटर्जंट यांचा. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने ‘बायोपोल’ नावाच्या प्लॅस्टिकसाठी तो वापरला. १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शॅम्पूच्या बाटल्या बाजारात आल्या. साध्या प्लॅस्टिकपेक्षा किंमत कित्येक पटींनी जास्त असल्याने ते टिकले नाही.

मलेशियातील सायन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक वाट शोधली. या जिवाणूंच्या वाळवलेल्या पेशी त्यांनी मीलवर्म या अळ्यांना खाऊ घातल्या. अळ्यांनी पेशी पचवल्या, पण पीएचबीचे दाणे त्यांच्या विष्ठेतून तसेच बाहेर आले. घातक द्रावकाची गरज उरली नाही.

ऊस, साखर आणि आपण

ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात एका साखर कारखान्याला जोडून पीएचबीचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. साखर कारखान्याची, ऊर्जा चिपाडे जाळून मिळवलेली. द्रावकसुद्धा इथेनॉल तयार करताना मिळणारे आयसोअमाइल अल्कोहोल. क्लोरोफॉर्मला पर्याय असू शकतो, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्रातही साखर, मळी, चिपाडे आणि इथेनॉल एकाच आवारात असतात. त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूर नाही. मात्र एक किलो पीएचबीसाठी सुमारे तीन किलो साखर लागते. ती साखर ज्या उसातून येते, तो पाणी किती पितो हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही, आणि तो कोणाच्या हातांनी तोडला जातो हे ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांना. म्हणून प्लॅस्टिक ‘निसर्गातून आले’ एवढ्यावर ते न्याय्य ठरत नाही.

‘विघटनशील’ म्हणजे कुठे आणि किती दिवसांत?

पीएचबीचा मोठा गुण असा की माती, कंपोस्ट आणि समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्मजीव ते खाऊ शकतात. पण वेळ जाडी आणि तापमानावर ठरतो. हवा नसलेल्या कचऱ्याच्या डोंगरात ते कुजले तर मिथेन तयार होतो.

शिवाय बाजारातला प्रत्येक हिरवा शिक्का पीएचबीचा नसतो. मक्यापासून किंवा उसापासून होणारे पीएलए खूप प्रचलित आहे. त्याच्या विघटनासाठी सुमारे ५८ अंश तापमानाचे औद्योगिक कंपोस्ट लागते. नाल्यात पडलेला पीएलएचा ग्लास लवकर नाहीसा होत नाही.

याचा भार पडतो कचरावेचकांवर. पेटची बाटली भंगारात विकली जाते, तर पीएलएच्या वस्तूला सहसा गिऱ्हाईक नसते. दिसायला सारखी असलेली ही वस्तू पेटमध्ये मिसळली की मालाचा दर्जाही घसरतो. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचरावेचकांना संघटित करत आहे. शहराचे पुनर्वापराचे काम कोणाच्या श्रमावर चालते, हे त्या संघटनेने दाखवून दिले. नवे प्लॅस्टिक आणताना त्या श्रमाचा हिशेब कोण करणार?

विचारायचे प्रश्न

‘पर्यावरणपूरक’ वस्तू घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. ही नेमकी कोणत्या प्लॅस्टिकची आहे? ती कुठे कुजते, मातीत की फक्त औद्योगिक कंपोस्टमध्ये? कंपोस्टेबल असेल तर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का? उत्तर मिळाले नाही, तर स्टीलची ताटे किंवा पत्रावळी जास्त भरवशाच्या.

विज्ञान शिकणाऱ्या तरुणांसाठीही इथे काम आहे. जिवाणू वाढवण्याइतकेच त्यातून पदार्थ शुद्ध करून काढण्याचे शास्त्र महत्त्वाचे असते. त्याला ‘डाउनस्ट्रीम प्रोसेसिंग’ म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यात वाव आहे. कामगाराला विष न देता आणि कचरावेचकाची रोजी न हिरावता हे प्लॅस्टिक स्वस्त कसे करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ज्यांच्या वस्त्यांनी कचरा आणि कारखाना दोन्ही जवळून पाहिले आहेत, त्यांच्या मुलामुलींनी तो हाती घ्यायला हवा.