जुना लेथ भंगारात घालण्यापूर्वी

श्रोतेहो, नळदुर्गला पाहुणा आला की आपण त्याला आधी किल्ल्यात नेतो. बोरी नदीला आडवा घातलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, हे सारे दाखवतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले ४०० वर्षांचे हे काम. मग धाप लागली तरी उपळ्या बुरुजावर चढवतो आणि तिथल्या लांबलचक तोफा दाखवतो. किल्ला राखला पाहिजे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

पण त्याच गावात, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला, एखाद्या पत्र्याच्या शेडमधला लेथ जेव्हा भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो, तेव्हा कुणी थांबून पाहतसुद्धा नाही. मोटेच्या जागी इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेचा पंप आला, या साऱ्या काळात त्या लेथने गावाचे नाडके सांभाळलेले असते. पंपाचा झिजलेला शाफ्ट, उसाच्या चरकाचा दांडा, बैलगाडीच्या आसाचे बूश, सगळे त्याच्यावर कातून निघालेले असते. आज त्याच्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

लेथ म्हणजे काय, हे मुलांना सांगायचे तर गुरुजींनी कुंभाराचे चाक आठवावे. चाकावर माती फिरते आणि हात स्थिर असतो. लेथवर लोखंड फिरते आणि पोलादी हत्यार स्थिर राहून त्याची साल काढते. फरक इतकाच, की कुंभाराचा हात अदमासाने चालतो आणि लेथचे हत्यार बिडाच्या सरळ पट्ट्यांवरून, ज्याला कारागीर बेड म्हणतात त्यावरून, सरकते. बेड जितका सरळ तितके काम सरळ. सारी किंमत त्या सरळपणात आहे, बरं का! भंगारवाला मात्र वजनाचे पैसे देतो. टनभर बिडाचा भाव तो करील, पण टनभर बिडाला केसाइतकाही वाक नाही, याचा भाव त्याच्या काट्यावर येत नाही. भट्टीत गेल्यावर बीड उरते, सरळपणा वितळून जातो.

हा सरळपणा आला कुठून, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे पाडणारा लेथ केला. त्याच्या कारखान्यात काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत विद्वानांपुढे मांडली. दोन बिडाच्या पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या, तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. दोघी छान बसतात आणि दोघी खोट्या असतात! म्हणून पाट्या तीन घ्यायच्या आणि पाळीपाळीने प्रत्येक पाटी इतर दोघींशी ताडून पाहायची. तिघी एकमेकींशी जुळल्या, तर तिघी सपाटच असल्या पाहिजेत. शेंदूर तेलात कालवून एका पाटीला पुसट लावायचा, दुसरी तिच्यावर टेकवायची, जिथे रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. वर्गात भूमिती शिकवणाऱ्या गुरुजींना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. जुन्या लेथचा झिजलेला बेड आजही याच रीतीने, खरवडून, दुरुस्त करता येतो.

आपल्या मुलखात यंत्रशाळा कशासाठी लागतात, हे पाहायचे तर कुर्डुवाडीचे उदाहरण घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने बार्शी लाइट रेल्वे बांधली. १८९७ साली ती बार्शीपर्यंत सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब, त्यामुळे हलक्या रुळांवरही गाडी भरपूर माल ओढी. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली, हे जाता जाता सांगतो.) आता अडीच फुटी रुळांवरचा डबा मोठ्या रुळांवर चढत नाही. म्हणजे दुरुस्ती घरच्या घरीच व्हायला हवी. कुर्डुवाडीला रेल्वेची यंत्रशाळा झाली आणि तिच्या आधाराने कितीतरी घरांत टर्नर, फिटर, मोल्डर तयार झाले. १९५४ साली सरकारने ही रेल्वे घेतली. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग मोठा झाला आणि तेव्हा कुठे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव शहर, रुळांवर आले. हे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही.

पण याच कॅलथ्रॉपची दुसरी गोष्ट मनाला चटका लावते. बार्शीच्या नमुन्यावर त्याने इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची छोटी रेल्वे केली. ती १९०४ साली सुरू झाली. दोनच इंजिने होती, त्यांतल्या एकाला त्याचेच नाव दिलेले. १९३४ साली ती रेल्वे बंद पडली आणि थोड्याच वर्षांत दोन्ही इंजिने तोडून भंगारात घातली. आज तिथल्या लोकांना त्यांची छायाचित्रे पाहून समाधान मानावे लागते. पैसेवाल्या, संग्रहालयांच्या देशातही असे होते, तर आपल्याकडे काय होत असेल!

असो. आता कामाचे बोलू. जुना लेथ समोर आला, तर तो राखण्यासारखा आहे की नाही हे कसे ओळखावे? वरचा गंज पाहून घाबरू नये. गंज रॉकेलने आणि चिंध्यांनी पुष्कळसा निघतो. मात्र बेडवर कानस किंवा विटेची भुकटी लावू नका, नाहीतर वाचवायला गेलात आणि तुम्हीच मारलेत असे होईल. आधी वीज तोडा, मग चक हाताने फिरवून पाहा. हत्याराचा गाडा चकाजवळ नेऊन त्याच्या पट्ट्या घट्ट करा आणि हळूहळू मागच्या टोकाकडे सरकवा. चकाजवळ ढिला आणि मागे गेल्यावर अडकतो, असे झाले तर बेड पुढच्या बाजूला झिजला आहे. बहुतेक काम तिथेच होते, म्हणून झीज तिथेच होते. थोडी झीज असली तरी शेतीच्या दुरुस्तीचे काम भागते. बेडला तडा असेल तर मात्र मोह आवरावा.

दातेरी चाकांविषयी जरा विस्ताराने सांगतो, कारण नुकसान तिथेच जास्त होते. लेथवर आटे पाडायचे तर काम फिरते त्या प्रमाणात गाडा सरकला पाहिजे, आणि ते प्रमाण ठरते बदलायच्या दातेरी चाकांवर. समजा, लेथच्या लांब स्क्रूला इंचाला ४ आटे आहेत आणि तुम्हाला इंचाला ८ पाडायचे आहेत. मग स्क्रू निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. चालवणारे चाक ३० दात्यांचे, चालणारे ६० चे. त्रैराशिकच! आता १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक मापे घेतली आणि जुने लेथ तर इंचाचे. मग काय करायचे? १२७ दात्यांचे एक चाक लागते. का? तर ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. त्याच लेथवर २ मिलिमीटरचा आटा हवा, तर ४० दात्यांचे चाक चालवणारे आणि १२७ चे चालणारे लावले की झाले. एका चाकाने इंचाची आणि मिलिमीटरची सोयरीक जुळते.

आणि ही चाके असतात कुठे? लेथवर नव्हे, मागच्या कोपऱ्यात, तेलकट बादलीत. मी एका शाळेत जुना लेथ पाहायला गेलो होतो. लेथ उत्तम होता. चाकांची बादली कुठे म्हणून विचारले, तर शिपाई म्हणाला, "ती होय? ती मागच्या आठवड्यात रद्दीबरोबर दिली की, साहेब." दहा-बारा किलो लोखंडाचे पैसे आले असतील. लेथ वाचला, पण त्यावर आटे पाडणे राहिले. तेव्हा यंत्राला हात लावण्याआधी बादली, फेसप्लेट, चकाची चावी, सुटे जबडे, भिंतीवरचा तेलकट तक्ता, हे सारे एका पेटीत भरून पेटीवर लेथचे नाव घाला. लेथ करणारा कारखानाच राहिला नसेल, तर हे पुन्हा मिळायचे नाही. हरिहरला १९४१ साली निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचे लेथ आपल्याकडे पुष्कळ आहेत, कंपनी मात्र कधीच बंद झाली.

मुख्याध्यापकांना एक विनंती. यंत्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये "निरुपयोगी" म्हणून चढवण्याआधी एखाद्या टर्नरला दाखवावे. पट्टा तुटला किंवा मोटार जळली, म्हणजे यंत्र निरुपयोगी झाले असे नाही. निर्लेखन करायचेच असेल, तर लिलावाआधी जवळच्या आयटीआयला किंवा तंत्रशाळेला हवे का, असे लेखी विचारावे. लिलाव पुकारल्यावर धावून उपयोग नाही. बंद पडलेल्या साखर कारखान्यांच्या यंत्रशाळांनाही हेच लागू आहे, तिथे तर चरकाचे रूळ कातणारे मोठे लेथ असतात.

हलवताना लेथ चकाच्या बाजूने जड असतो आणि वरून बोजड असतो, म्हणून लवकर कलंडतो. गाडा मागच्या टोकाला नेऊन बांधावा. दोर बेडखालून घ्यावा, लांब स्क्रूला कधीही अडकवू नये. खाली पाइपचे तुकडे घालून लोटत न्यावा, उचलायला त्रिपाई आणि चेनची कप्पी घ्यावी. पुन्हा सुरू केल्यावर पट्ट्यांना जाळी बसवल्याशिवाय मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि उपरणे, पदर, सैल बाह्या तर मुळीच नकोत.

वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणारा जेम्स वॅट १८१९ साली वारला. त्याची माळ्यावरची कामाची खोली तशीच कुलूपबंद राहिली आणि १९२४ साली ८,००० हून अधिक वस्तूंसह लंडनच्या विज्ञान संग्रहालयात हलवली गेली. कोणत्या फळीवर कोणते हत्यार होते, तेही जपले. पण त्यांतले कोणते हत्यार तो कशासाठी वापरी, हे विचारायला मात्र कुणी उरले नव्हते. आपल्या गावात तसे नाही. त्या लेथवर हयात घालवलेले मिस्त्री अजून चावडीपाशी बसलेले दिसतात. वरच्या वर्गातली चार मुले वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. यंत्र कुठून आणले, कोणत्या साली, आधी कोणत्या पट्ट्यावर चाले, कुठला भाग कितीदा बदलला, कुठे कसा आवाज आला म्हणजे काय बिघडले, एवढे उतरून घ्या, आणि ती वही लेथच्या पेटीत ठेवा.