दीव : रंगीत तटबंदीआडचा हिशेब

पालिताणा आणि गिरनारची यात्रा करून निघालेल्या गाड्या उन्याजवळच्या अजाहरा पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन बहुधा परत फिरतात. तेथून थोड्याच अंतरावर, खाडीपलीकडे दीव आहे. पण त्याचे नाव काढताच पुष्कळ संघांतील वडीलधारी मंडळी मान हलवतात. कारण उघड आहे. गुजरातेत दारूबंदी, दीव मात्र केंद्रशासित. सुटीच्या दिवशी पूल ओलांडून येणाऱ्या गर्दीचा ओढा समुद्राकडे कमी आणि बाटलीकडे अधिक असतो. तरीही व्यापारी घराण्यातील माणसाने हे बेट एकदा पाहावे, मुलाबाळांसह पाहावे, असे माझे मत आहे. सुटीचे दिवस तेवढे टाळावेत. अजाहऱ्याच्या पंचतीर्थीत दीवची गणना होते आणि गावात नवलखा पार्श्वनाथांचे देरासर आहे, हे एक निमित्त झालेच. दुसरे निमित्त असे, की हे शहर तोफांनी राखले गेले असले तरी जगले ते वाण्यांच्या वहीवर, आणि त्या वहीतील काही पाने आपण अजून नीट वाचलेली नाहीत.

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लगटून असलेले हे बेट सुमारे चाळीस चौरस किलोमीटरचे. जुने शहर त्याच्या पूर्व टोकाला, एका अंगास किल्ला आणि पश्चिमेस आडवा तट यांच्यामध्ये वसलेले. तटाच्या मुख्य दरवाजाला झांपा म्हणतात. तांबड्या रंगाने रंगवलेल्या या वेशीवर सिंह आणि देवदूत कोरलेले आहेत; आत शिरताच १७०२ सालची मेरीमातेची प्रतिमा असलेले छोटे प्रार्थनास्थळ लागते. पुढे गल्ल्या अरुंद होत जातात. पिवळी, निळी, गुलाबी, पोपटी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. लाकडी सज्जे, रंगीत काचांच्या कमानी, उंबऱ्याशी रांगोळी. पोर्तुगिजांची वस्ती फिरंगीवाड्यात असे. बाकीचे शहर गुजराती बोलणाऱ्यांचे होते आणि आजही आहे. नगरशेठांची हवेली त्यांतील सर्वांत नटवी. चुन्यातील वेलबुट्टी, फळांचे घोस, पाश्चात्त्य धाटणीची वळणे आणि मालक मात्र देशी. घराच्या दर्शनी भागावर इतका खर्च करण्याइतका पैसा या खडकाळ बेटावर आला कोठून, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर आपोआप पडतो.

किल्ल्याची कथा आपल्या वसईशी जोडलेली आहे. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. १५३७ मध्ये याच दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे पडले, पण किल्ला पडला नाही. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडेच राहिले. तटावरून फिरताना खोल खंदक, गंजलेल्या तोफा आणि समुद्रात गलबतासारखा उभा असलेला पाणकोटा दिसतो. भरतीच्या वेळी जाणे चांगले. खंदकात पाणी चढू लागते आणि ही जागा जिंकणे का कठीण होते ते न सांगता कळते.

दुसऱ्या वेढ्यानंतर किल्ल्याची पार पडझड झाली होती. डागडुजीसाठी पैसा नाही. तेव्हा पोर्तुगिजांचा गव्हर्नर जोआंव दि कास्त्रो याने गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार पारडाव या नाण्यांचे कर्ज मागितले. तारण म्हणून वेढ्यात मरण पावलेल्या आपल्या मुलाच्या अस्थी पाठवण्याचा त्याचा विचार होता. ते जमण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस सन्मानाने परत केले. मिशीचा केस गहाण ठेवून हुंडी वटवणाऱ्या शेठजींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना ही हकीकत परकी वाटणार नाही.

नगरशेठांच्या हवेलीचे उत्तर मात्र समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या मोझांबिक किनाऱ्यावर आहे. १६८६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने दीव आणि मोझांबिक यांच्यामधील व्यापाराचा मक्ता दीवच्या वाण्यांच्या मंडळीला दिला आणि तो १७७७ पर्यंत चालला. या व्यापाऱ्यांत हिंदूंबरोबर जैनही होते. व्यवहार मोठ्या नजरेने बांधलेला होता. जंबुसरच्या विणकरांकडून आफ्रिकेतील गिऱ्हाइकाच्या आवडीचे कापड विणून घ्यायचे, पावसाळी वाऱ्यांचे गणित सांभाळून ते पलीकडे न्यायचे आणि परतीच्या गलबतात हस्तिदंत भरायचा. गुजरात, कच्छ आणि मारवाडात लग्नाच्या चुड्यासाठी हस्तिदंत लागे. घरोघरी नवी नवरी आली की नवा चुडा, आणि जुना बहुधा बाईबरोबरच जाई. म्हणून मागणी कधी आटत नसे. आपल्या खापरपणजीच्या हातातला चुडा याच वाटेने आला नसेल, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

येथे हिशेब अडतो. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणात श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा धंदे, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांत दंतवाणिज्य आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ आणखी नेमका केला : दात, केस, नखे, हाडे, कातडी हा माल त्याच्या उगमस्थानी जाऊन घेणे. का, तेही उघड आहे. जेथे शिकार होते तेथे खरेदीदार थैली घेऊन उभा राहिला, की पुढचा हत्ती त्याच्याचसाठी मारला जातो. ‘मारणारा दुसरा, मी फक्त विकत घेतो’ ही पळवाट आठशे वर्षांपूर्वीच बुजवली गेली होती. वंदित्तू सूत्र म्हणताना या व्यापाराचे नाव आपल्या तोंडून जाते; दीवच्या गलबतांत बसणारा श्रावकही ते म्हणतच असणार.

त्याच यादीत केशवाणिज्य आहे. अनेकजण त्याचा अर्थ केसांचा व्यापार असा घेतात. हेमचंद्राचार्यांचा अर्थ वेगळा आहे : दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची विक्री. मोझांबिकहून येणाऱ्या काही गलबतांत हस्तिदंताबरोबर माणसेही असत. त्यांची संख्या हस्तिदंताच्या मानाने किरकोळ होती असे म्हणून पुढे जाता येईल. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर गुलामांचा बाजार फुगला तेव्हा त्यात चलनासारखे चालणारे कापड बव्हंशी गुजरातचेच होते. हिंसा न करणाऱ्या हातांनी मोजलेले.

हे सारे घडले तो किनाराही कोणता? जगद्गुरू हीरविजयसूरींचा देहविलय वि. सं. १६५२ च्या भाद्रपदात उन्याला झाला. पालनपूरच्या या साधूने अकबराकडून पर्युषणाच्या दिवसांत जीवहिंसाबंदीचे फर्मान मिळवले, पिंजऱ्यांतील पक्षी सोडवले. उन्याच्या शाहबागेत त्यांचे समाधिस्थान आहे. अग्निसंस्काराच्या रात्री तेथील आंब्यांना अवेळी फळे आली अशी आख्यायिका सांगतात. ते आंबे आणि हस्तिदंत उतरणारा धक्का यांत एका सकाळच्या बैलगाडीचे अंतर, आणि काळाचे अंतर शंभर वर्षांहूनही कमी. सूरीजी बादशहाला पटवू शकले; दर्यावर्दी श्रावकाचा नफा पटणे अधिक कठीण गेले असावे. दीवचे सगळेच व्यापारी एका तराजूत तोलावेत असे मी म्हणत नाही. पांजरपोळीची पावती फाडणारा आणि हस्तिदंताचे नूर ठरवणारा हात काही वेळा एकच होता, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. हवेलीसमोर छायाचित्र काढताना मुलांना हेही सांगावे. ती ऐकू शकतात.

आज हस्तिदंताच्या व्यापारास कायद्यानेच बंदी आहे. दीवची माणसे मात्र पिढ्यान् पिढ्या मोझांबिकला जात राहिली. १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर पुष्कळ कुटुंबे लिस्बनला गेली, आणि पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे पुढची पिढी इंग्लंडात लेस्टरपर्यंत पोहोचली. म्हणून गल्लीत एखादे घर नव्या कोऱ्या रंगात झळकते आणि शेजारच्या घराला वर्षाचे अकरा महिने कुलूप असते. दिवाळीच्या आसपास ती कुलपे निघतात, ओट्यांवर गुजरातीत पोर्तुगीज मिसळलेली बोली ऐकू येते, आणि नातवंडांना झांप्यापर्यंत फिरवून आणण्याचे काम आजोबांकडे येते.