जास्त व्याजाची किंमत

बडोद्याच्या माणसाला बँक ही काही अनोळखी संस्था नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने १९०८ साली येथे बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, आणि शिल्लक बँकेत ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या या शहराच्या अंगवळणी पडली. बँकेत ठेवलेला पैसा हाताशी असलेला पैसा, असा विश्वास त्यातून निर्माण झाला. तो अनाठायी नाही. परंतु बँकेच्या दारात जे जे विकले जाते ते सर्वच ठेव या सदरात मोडत नाही, आणि हा भेद न कळल्यामुळे अनेकांची पुंजी बुडाली आहे.

मार्च २०२० मधील घटना या दृष्टीने बोलकी आहे. बडोदे महानगरपालिकेच्या स्मार्ट सिटी कंपनीचे, अनुदानापोटी आलेले २६५ कोटी रुपये येस बँकेत होते. त्या बँकेची प्रकृती बरी नाही हे ओळखून कंपनीने ती रक्कम काढली व बँक ऑफ बडोदामध्ये ठेवली. लगेचच, ५ मार्च रोजी, येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारास पन्नास हजार रुपयांहून अधिक रक्कम काढता येईना. पुढे १८ मार्चला निर्बंध उठले व ठेवीदारांचे पैसे मोकळे झाले. पण याच बँकेला पैसे देणारा आणखी एक वर्ग होता. त्याच्याजवळ ठेवीची पावती नव्हती; ‘ॲडिशनल टिअर वन’ नावाचे रोखे होते. असे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे त्याच महिन्यात एका निर्णयाने शून्य किमतीचे ठरविण्यात आले.

हे रोखे म्हणजे आहे तरी काय? २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात अनेक देशांच्या सरकारांना करदात्यांच्या पैशाने बँका सावराव्या लागल्या. तो प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून, बँक अडचणीत आल्यास प्रथम तोटा सोसणारे भांडवल आधीच उभारून ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. ‘ॲडिशनल टिअर वन’ रोखे हा त्या भांडवलाचा एक भाग होय. त्यांना परतफेडीची निश्चित मुदत नसते. पाच वा अधिक वर्षांनी पैसे परत करण्याचा अधिकार बँकेला असतो. मागण्याचा हक्क धारकाला नसतो. एखाद्या वर्षी बँकेने व्याज दिले नाही, तर ते पुढील वर्षी मिळत नाही. आणि बँक तगणे अशक्य आहे असे रिझर्व्ह बँकेने ठरविल्यास मुद्दलही पुसून टाकता येते. या सर्व अटी माहितीपत्रकात छापलेल्या असतात.

योजना मुळात वाईट नव्हे. विमा कंपन्या, मोठे फंड यांच्यापाशी हिशेब तपासणारी जाणती माणसे असतात. त्यांनी हा धोका पत्करावा हे योग्यच. प्रश्न निर्माण झाला तो हे रोखे सामान्यांच्या हाती पडले तेव्हा. सेबीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या आदेशानुसार १,३४६ व्यक्तींनी यांत सुमारे ६७९ कोटी रुपये घातले होते, आणि त्यांपैकी बहुसंख्य त्याच बँकेचे जुने ग्राहक होते. २७७ जणांनी तर मुदत ठेवी मोडून हे रोखे घेतले. बँकेला सेबीने २५ कोटींचा दंड ठोठावला. बँकेने त्याविरुद्ध अपील केले.

या रोख्यांवर ९ ते साडेनऊ टक्के व्याज होते. समजा, ठेवीवर सात टक्के मिळत असता एखाद्याने दहा लाख रुपये नऊ टक्क्यांच्या रोख्यात घातले. त्याला वर्षाकाठी वीस हजार रुपये अधिक मिळतील. मुद्दल बुडाले, तर ते या वरकड मिळकतीतून भरून यायला पन्नास वर्षे लागतील. म्हणजे हे दोन टक्के बक्षीस नव्हेत. बँकेचा तोटा आपण आधी सोसू, असे जे वचन ग्राहकाने नकळत लिहून दिले, त्याचा तो मोबदला होय.

सर्वसाधारण समज असा की संस्था बुडाली तर भागधारक आधी बुडतो, कर्ज देणारा नंतर. येथे तोही क्रम उलटला. येस बँकेच्या भागधारकांचे शेअर काही अंशी गोठविले गेले, पण नाहीसे झाले नाहीत. रोखे मात्र पुसले गेले. मार्च २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विस बँकेचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे रोखे असेच शून्यवत झाले, आणि भागधारकांच्या पदरी मात्र काहीतरी पडले.

सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये या रोख्यांची किमान रक्कम एक कोटी रुपये केली आणि बँकांनी ते काढताना केवळ मोठ्या संस्थांनाच द्यावेत, असा नियम केला. येस बँकेचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द ठरविला, व वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परंतु निवृत्तीची पुंजी घातलेल्या वृद्धाला कोर्टाच्या तारखांवर घर चालविता येत नाही.

हे एक दार बंद झाले, तरी नव्या नावाची नवी योजना उद्या येणारच. तेव्हा सही करण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. पैसे परत मागण्याचा हक्क कोणाचा, आणि कोणत्या तारखेला? व्याज चुकले तर पुढे मिळेल काय? संस्था अडचणीत आली तर आधी कोणाचे बुडेल? मध्येच विकायचे झाल्यास घेणारा कोण? ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण याला आहे काय? आणि विकणाऱ्याला यात किती मिळते? उत्तरे तोंडी न घेता लेखी मागावीत. ‘हे ठेवीसारखेच आहे’ असे जो म्हणेल, त्याला तेवढेच वाक्य कागदावर लिहून मागावे. तो कचरला, तर उत्तर मिळाले असे समजावे आणि पैसा ठेवीतच राहू द्यावा.