तेलात बुडबुडा नको!

कापसाच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुलांना जरूर न्या. तिथे फुगलेली रुई दाबून सुमारे १७० किलोची घट्ट गाठ बांधतात. गाठ दाबणाऱ्या दट्ट्यामागे जोर असतो तो तेलाचा. धावपट्टीवर विमानाचे पुढचे चाकही असाच तेलाचा दाब वळवतो.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शिकवतोच. प्रवासी विमानात पंप तेलावर वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब निर्माण करतो. वैमानिकाने सुकाणू फिरवले की झडप उघडते, तेल दट्ट्याला ढकलते आणि चाक वळते.

मग यात बिघाड कशाने होतो? आम्ही वर्गात एक साधा प्रयोग करतो. सुया काढलेल्या दोन सिरिंजा पाणी भरून प्लास्टिकच्या नळीने जोडायच्या. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. आता नळीत हवेचा बुडबुडा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या अंगठ्याने अडवून पहिला दाबा. आधी बुडबुडा आक्रसतो, जोर उशिरा पोहोचतो. तेलात हवा शिरली तर विमानाचे चाकही असेच उशिरा वळते किंवा वेगात थरथरू लागते.

म्हणून दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा काढून टाकतात. झडपेतल्या फटी केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. तिथे कचरा अडकू नये म्हणून गाळण्या वेळच्या वेळी बदलतात. विमानातले तेल ओलावा शोषून आम्ल बनू शकते आणि आम्लाने धातू झिजतो. म्हणून तेलाचे नमुनेही तपासतात. तेल झिरपत असेल तर सील बदलतात. विमान ओढून नेण्यापूर्वी एक खीळ बसवून चाक वळवणारा दाब तोडतात. नाहीतर चाक अचानक वळून ओढदांडा जवळच्या कामगाराला लागू शकतो.

पण फक्त तेल सांभाळून भागत नाही. २१ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत जेटब्लू कंपनीच्या एअरबस ए-३२० विमानाची पुढची चाके ९० अंशांत आडवी अडकली. इंधन कमी करण्यासाठी विमान सुमारे तीन तास घिरट्या घालत राहिले आणि मग लॉस एंजेलिसला उतरले. टायर फाटले, ठिणग्या उडाल्या. पण विमानातले १४६ जण सुखरूप राहिले. चौकशीत कळले, की चाक सरळ धरून ठेवणारे धातूचे दोन खुंट थकून तुटले होते. उतरण्याआधी प्रत्येक वेळी यंत्रणा चाक किंचित वळवून स्वतःची चाचणी घेई. त्या वारंवारच्या धक्क्यांनीच खुंट थकले होते! म्हणजे दाब वाहणाऱ्या तेलाइतकाच तो झेलणारा धातूही तपासायला हवा.

ट्रॅक्टर दुरुस्त करणारे काका तेल ओतण्यापूर्वी डब्याचे तोंड का पुसतात? मुलांना त्यांनाच विचारून यायला सांगा.