आई-बाबांना लंडन दाखवताना



शाळांना सुट्टी लागली की भारतातून आजी-आजोबा येतात आणि घरोघरी 'लंडन दाखवणे' हा कार्यक्रम सुरू होतो. आम्ही तो २०२४ च्या जुलैमध्ये केला. पहिल्या दिवसाची यादी अशी होती: बकिंगहॅम पॅलेस, बिग बेन, ब्रिटिश म्युझियम आणि जमल्यास टॉवर ब्रिज. दुपारी तीन वाजता ट्रफल्गार चौकातल्या पायरीवर बसकण मारून बाबा म्हणाले, "तुम्ही या फिरून, मी इथे सिंह मोजतो." सिंह चारच आहेत!

त्या दिवसापासून आम्ही एका दिवसात एकच संग्रहालय आणि तेही दोन तास, असे ठरवले. हे इथे परवडते, कारण ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही आणि बाकीच्या राष्ट्रीय संग्रहालयांचेही प्रवेशशुल्क डिसेंबर २००१ मध्ये रद्द झाले. (खास प्रदर्शनांना मात्र पैसे पडतात.) पैसे वसूल करण्याची चिंता नसल्याने दोन दालने बघून खुशाल बाहेर पडावे. पाय दुखणाऱ्यांनी प्रवेशद्वारापाशीच घडीचे स्टूल किंवा चाकाची खुर्ची मागावी. बऱ्याच ठिकाणी मिळते. मागायला बाबा लाजले, आई नाही.

"लंडनला कसले ऊन?" असे म्हणू नये. १९ जुलै २०२२ ला हीथ्रोला ४०.२ अंश तापमान होते. सेंट्रल, बेकर्लू, नॉर्दर्न या खोल बोगद्यांतल्या गाड्यांना वातानुकूलन नाही, आणि भोवतालची चिकणमाती शंभर वर्षांच्या उष्णतेने तापलेली आहे. म्हणून शक्य तिथे एलिझाबेथ, डिस्ट्रिक्ट, सर्कल किंवा मेट्रोपॉलिटन लाइन धरावी. त्या गाड्या गार असतात. ब्रिटिश म्युझियमसाठी एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरावे. तिथे लिफ्टही आहे.

आता मुख्य गोष्ट. बाबा मूळचे साताऱ्याचे. त्यांना लंडनमध्ये एकच वस्तू बघायची होती, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे. आम्ही साउथ केन्सिंग्टनला जायच्या बेतात असतानाच बातमी आली की ती तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात गेली असून १९ जुलैपासून साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली जाणार आहेत. म्हणजे बाबा साताऱ्याहून इकडे आले आणि वाघनखे इकडून साताऱ्याला! आमची लेक हसून हसून लोळली. बाबा मात्र दोन दिवस गप्प होते.

चूक आमचीच. संग्रहालयांच्या संकेतस्थळावर वस्तूचे नाव टाकले की ती सध्या मांडलेली आहे का, ते कळते. तिथे हेही वाचायला मिळते की ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून वारसांमार्फत आली, पण शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही असे संग्रहालय स्वतःच म्हणते. मुलांना हे सांगावे. आम्ही सांगितले तेव्हा बाबांना फारसे आवडले नाही.

त्यांचा रुसवा निघाला तो ब्रिटिश म्युझियममध्ये. रोझेटा शिलेपाशी इतकी गर्दी होती की आम्ही तो नाद सोडून मधल्या काचेच्या छताच्या चौकात बसलो. त्या चौकाच्या मध्यभागी गोल इमारत आहे, ती १८५७ ची रीडिंग रूम. ग्रंथालय आता सेंट पँक्रासला गेले आहे, पण १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना इथे तासन् तास वाचत असत. हे ऐकल्यावर बाबा उठले आणि त्या भिंतीभोवती सावकाश एक पूर्ण फेरी मारून आले. गुडघ्याची तक्रार नाही!

दुसऱ्या दिवशी १०, किंग हेन्रीज रोडला जायचे त्यांनीच ठरवले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहत. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. चॉक फार्म स्टेशनपासून चालत थोड्याच मिनिटांवर आहे. उघडे असण्याच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. शांत गल्लीतले साधे घर आहे, तरी आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

कोहिनूरसाठी टॉवर ऑफ लंडनचे महाग तिकीट काढले. मुकुटांसमोरून सरकता पट्टा आपल्याला पुढे नेतो, त्यामुळे दर्शन क्षणभराचे. गर्दी नसेल तर परत फेरी मारता येते. आईने तीन मारल्या, आणि "एवढासाच?" असे विचारले. १८५२ मध्ये पैलू पाडताना तो १८६ वरून सुमारे १०६ कॅरटवर आला, हे सांगितल्यावर ती इंग्रजांवर आणखीनच चिडली.

सप्टेंबरमध्ये दोघे परत गेले. पुढच्याच आठवड्यात बाबांचा साताऱ्याहून फोन आला. वाघनखे बघून झाली होती. "तुमच्या लंडनपेक्षा रांग मोठी," म्हणाले, "पण घरून डबा नेला होता."